बंद छातीची गोष्ट

डोंबिवलीच्या एका शाळेत नववीच्या वर्गाला श्वसनसंस्था शिकवून झाली होती. तास संपायला दहा मिनिटे होती म्हणून आम्ही मुलांना शंका विचारायला सांगितले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. ‘सर, कल्याण-शीळ रस्त्यावर मोठा बोर्ड लागलाय. रोबॉट कॅन्सरचं ऑपरेशन करतो म्हणून. मध्येच लाइट गेली तर?’ वर्ग हसला. डोंबिवलीत हा प्रश्न अगदीच गैरलागू नाही. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारले, ‘आणि सर, छाती उघडल्यावर तो माणूस श्वास कसा घेतो? तुम्ही तर सांगितलं की छातीची पेटी हवाबंद असते.’

पहिल्या प्रश्नाला आम्ही ‘जनरेटर असतो’ असे सांगून वेळ मारून नेली. दुसऱ्या प्रश्नावर तेही जमले नाही. आणि दुसरा प्रश्नच जास्त खोल होता. फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेचा सगळा इतिहास त्या एका प्रश्नाभोवती फिरतो, हे पुढे वाचू लागल्यावर आमच्या लक्षात आले. रोबॉट त्या इतिहासाच्या अगदी शेवटच्या पानावर येतो. त्याच्यापासून सुरुवात केली तर काहीच कळत नाही. म्हणून आपण जरा मागे जाऊ. त्यासाठी डोंबिवलीहून दोनच स्टेशने पुढे, कल्याणला जावे लागेल.

कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना म्हणजे आपल्या आनंदीबाई जोशी. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या आणि वर्षही पुरे झाले नाही तोच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. वयाची बावीस वर्षेही झाली नव्हती. ही गोष्ट आपण शाळेत सांगतो ती स्त्रीशिक्षणाच्या संदर्भात, आणि ते योग्यच आहे. पण वैद्यकाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्या तारखांकडे पाहिले तर आणखी काही दिसते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने मार्च १८८२ मध्ये दाखवून दिला होता. म्हणजे आनंदीबाई आजारी पडल्या तेव्हा आजाराचे कारण माहीत झालेले होते. व्हिएन्नाच्या बिलरोथने १८८१ मध्येच पोट उघडून जठराचा कर्करोगग्रस्त भाग यशस्वीपणे काढला होता. म्हणजे भूल होती, निर्जंतुकीकरणाची कल्पना होती, हात तयार होते. तरीही बिघडलेल्या फुप्फुसापर्यंत पोचण्याचा मार्ग कोणाकडे नव्हता. पोट उघडता येत होते, छाती येत नव्हती.

का येत नव्हती, हे वर्गात दाखवता येते. प्लास्टिकची बाटली तळाशी कापून, तिथे फुग्याचे रबर ताणून बसवायचे आणि बुचातून गेलेल्या नळीला आतून एक फुगा बांधायचा, हे श्वसनाचे प्रतिरूप बहुतेक शाळांत करतात. खालचे रबर ओढले की आतला फुगा फुगतो. एवढ्यावर आपण थांबतो. यापुढे एक पाऊल टाकून पाहावे. तापवलेल्या दाभणाने बाटलीच्या बाजूला भोक पाडावे आणि पुन्हा रबर ओढावे. फुगा आता फुगत नाही. रबर ओढल्याने बाटलीत दाब कमी होतो खरा, पण हवा नळीतून फुग्यात येण्याऐवजी भोकातून बाटलीतच शिरते. छातीच्या पिंजऱ्याला भोक पडले की हेच होते. मूळचे लवचीक फुप्फुस आकसून बसते आणि रोगी कितीही जोराने छाती फुगवो, हवा भलत्याच वाटेने येत राहते. एकोणिसाव्या शतकातल्या शल्यचिकित्सकाने छाती उघडली तर त्याच्या हातात असा माणूस उरे.

(गंमत अशी की, याच दुर्घटनेचा एका डॉक्टरने उपचार म्हणून वापर केला. इटलीच्या कार्लो फोर्लानिनीने क्षयरोग्याच्या छातीत मुद्दाम सुईने हवा सोडून रोगट फुप्फुस आकसवण्याची कल्पना मांडली. आकसलेल्या फुप्फुसाला विश्रांती मिळते, असा विचार त्यामागे होता. पुढे औषधे येईपर्यंत जगभरच्या क्षयरोग रुग्णालयांत हा उपाय सर्रास चालला.)

यातून वाट काढली ती ब्रेस्लाव येथील तरुण डॉक्टर फर्डिनांड झाउएरब्रुखने, १९०४ च्या सुमारास. त्याचे उत्तर आपल्या बाटलीच्या भाषेत असे : बाटलीला भोक पडले आहे ना, मग संपूर्ण बाटलीच कमी दाबाच्या पेटीत ठेवा, फक्त तिचे तोंड बाहेर असू द्या. त्याने खरोखरच एक खोली बांधून घेतली. रोग्याचे धड खोलीच्या आत, डोके बाहेर, मानेभोवती रबराची घट्ट पट्टी. शल्यचिकित्सक आणि त्याचे मदतनीसही आतच, कमी दाबात. छाती उघडली तरी बाहेरच्या हवेचा दाब तोंडावाटे फुप्फुसाला फुगवून ठेवी. या खोलीतला पहिला रुग्ण वाचला नाही. पण तत्त्व बरोबर होते आणि नंतरचे रुग्ण वाचू लागले.

तत्त्व बरोबर असले तरी उपाय अवजड होता. सोपा उपाय बाटलीच्या दुसऱ्या टोकाला आहे. भोक तसेच ठेवा आणि वरच्या नळीतून फुंका. फुगा फुगतो! न्यूयॉर्कच्या मेल्ट्झर आणि आउअर यांनी १९०९ मध्ये श्वासनलिकेत नळी घालून दाबाने हवा देण्याची रीत प्राण्यांवर दाखवली. पहिल्या महायुद्धानंतर चेहरा छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांना भूल देताना इंग्लंडच्या मॅगिल आणि रोबॉथम यांनी ती माणसांसाठी घडवली, आणि झाउएरब्रुखची खोली संग्रहालयात गेली. पुढे १९४९ मध्ये स्टॉकहोमच्या एरिक कार्लेन्सने दुहेरी नळी केली. तिचा एक फाटा डाव्या फुप्फुसाला, एक उजव्याला. आता एका फुप्फुसाने श्वास चालू ठेवून दुसरे मुद्दाम आकसलेल्या अवस्थेत, स्थिर ठेवता येऊ लागले. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे : तो माणूस श्वास घेत नाही, त्याला श्वास दिला जातो, आणि तोही एकाच फुप्फुसाला. हे काम भूलतज्ज्ञ करतो. शस्त्रक्रियेच्या बातम्यांत त्याचे नाव क्वचितच छापतात, यावर आमचा जुना आक्षेप आहे.

आता कर्करोगाकडे वळू. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आयझॅक ॲडलरने फुप्फुसाच्या कर्करोगावर पुस्तक लिहिले, तेव्हा जगभरच्या वैद्यकीय लेखनातून त्याला एकूण ३७४ रुग्णांच्या नोंदी मिळाल्या. इतक्या दुर्मिळ रोगावर पुस्तक कशाला, याचे समर्थन त्याला करावे लागले होते. त्याच वर्षी लंडनच्या मॉरिस्टन डेव्हिसने क्ष-किरणांवरून निदान करून कर्करोगाचा एक खंड शिरा-धमन्या वेगळ्या बांधून काढला. रोगी आठव्या दिवशी गेला, तो छातीत पू झाल्याने. छातीत साठणारे पाणी आणि हवा बाहेर घेऊन पुन्हा आत न येऊ देणारी ‘बाटली’ तेव्हा सगळीकडे वापरात नव्हती. आज छातीच्या वॉर्डात कॉटखाली जी पाण्याची बाटली बुडबुडे सोडत असते तीच ही. नळीचे टोक पाण्याखाली असल्याने हवा बाहेर येते, आत जात नाही. इतका साधा झडपेचा प्रयोग दुसरा नसेल.

पूर्ण यश मिळाले ते ५ एप्रिल १९३३ रोजी, अमेरिकेतील सेंट लुइस येथे. रोगी स्वतः डॉक्टर होता, पिट्सबर्गचा प्रसूतितज्ज्ञ जेम्स गिलमोर. शल्यचिकित्सक एव्हार्ट्स ग्रॅहॅम. ग्रॅहॅमचा विचार एकच खंड काढण्याचा होता. छाती उघडल्यावर गाठ अशा जागी निघाली की खंड काढून भागणार नव्हते. त्याने संपूर्ण डावे फुप्फुस एकाच बैठकीत काढले. एका फुप्फुसावर गिलमोर पुढे सुमारे ३० वर्षे जगला आणि आपला व्यवसायही करत राहिला.

या गोष्टीचा उत्तरार्ध आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. ग्रॅहॅम स्वतः सिगरेट ओढणारा होता. अर्न्स्ट विंडर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने त्याच्याकडे येऊन, सिगरेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध तपासायचा आहे, असे सांगितले तेव्हा ग्रॅहॅमला ते फारसे पटले नव्हते. तरी त्याने परवानगी दिली. दोघांनी १९५० मध्ये ६८४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांचाही झाला, आणि संबंध नाकारता येईना. ग्रॅहॅमने सिगरेट सोडली. १९५७ मध्ये तो फुप्फुसाच्याच कर्करोगाने वारला. त्याचा रोगी गिलमोर तेव्हा हयात होता.

आपल्याकडे मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सुरू झाले. तेव्हापासून ठाणे, कल्याण, बदलापूर, कसारा इथल्या कर्करोग्यांची वाट ठरलेली आहे : लोकलने दादर किंवा परळ. देशातली पहिली आगगाडी १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आली, हे आपण मुलांना मोठ्या अभिमानाने सांगतो. त्याच मार्गावरून सकाळच्या गर्दीत छातीशी क्ष-किरण फोटोंचे मोठे पाकीट धरून उभी असलेली माणसे आमच्यापैकी रोज प्रवास करणाऱ्यांनी पाहिली असतील.

परळच्या परिसरात नुसते उपचार झाले नाहीत, मोजदादही झाली. डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांचे सहकारी सांघवी व राव यांनी १९५५ मध्ये तंबाखू चघळणे, ओढणे आणि तोंडा-घशाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा अभ्यास ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९६३ पासून मुंबईत डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. किती माणसांना कोणता कर्करोग होतो, हे अंदाजाने नव्हे तर मोजून सांगण्याची ही देशातली पहिली व्यवस्था. अर्थात ती बृहन्मुंबईपुरती होती. मुलुंड ओलांडले की ठाणे हिशेबाबाहेर. याच नोंदींच्या आधारे जस्सावाला आणि जैन यांनी १९७९ मध्ये दाखवले, की विडी सिगरेटपेक्षा सौम्य असते हा समज खोटा आहे. गिरणीतल्या आणि कारखान्यातल्या आपल्या माणसांच्या हातात सिगरेट नव्हे, विडीच असे. म्हणून हा शोध आपल्या दृष्टीने लंडनच्या शोधापेक्षा कमी मोलाचा नाही.

पुन्हा शस्त्रक्रियेकडे येऊ. ग्रॅहॅमनंतरच्या ५० वर्षांत दोन बदल झाले. एक, सबंध फुप्फुस काढण्याऐवजी एकच खंड काढणे पुरते, हे कळले. (उजव्या फुप्फुसाला तीन खंड, डाव्याला दोन. हा प्रश्न परीक्षेत येतो.) दुसरा, शिरा आणि श्वासनलिका शिवण्यासाठी स्टेपलर आले. ही कल्पना सोव्हिएत देशातली. अमेरिकन शल्यचिकित्सक मार्क रॅविचने १९५८ मध्ये कीव्ह येथे ते पाहिले आणि एक नमुना घरी नेला. पण छाती उघडण्याची पद्धत तीच राहिली. पाठीपासून पुढेपर्यंत लांब छेद, स्नायू कापणे, बरगड्या लोखंडी चिमट्याने फाकवणे. रोगी कर्करोगातून सुटे आणि बरगड्यांच्या दुखण्यात अडके. दुखते म्हणून खोकत नाही, खोकत नाही म्हणून कफ साठतो, कफ साठतो म्हणून न्यूमोनिया. उतारवयातल्या, आयुष्यभर विडी ओढलेल्या माणसाला ही साखळी जीवघेणी ठरे.

बरगड्या न फाकवता आत डोकावण्याची युक्ती जुनी होती. स्टॉकहोमच्या याकोबेउसने १९१० मध्येच मूत्राशय पाहण्याची नळी छातीत घालून पाहिली होती. पण नळीला एकच डोळा लावता येई. १९९० च्या आसपास लहान व्हिडिओ कॅमेरे आले, चित्र पडद्यावर सर्वांना दिसू लागले, आणि दोन-तीन वर्षांतच इटली, ब्रिटन, अमेरिका येथे दोन-चार छिद्रांतून फुप्फुसाचा खंड काढला जाऊ लागला. ब्रिटनमधल्या ५०३ रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. छिद्रांतून शस्त्रक्रिया झालेले लोक पाच आठवड्यांनंतर हालचालीत मोठ्या छेदवाल्यांपेक्षा सरस होते. म्हणजे फायद्याची मोठी उडी इथेच, छेदाकडून छिद्राकडे येताना पडली होती. हे लक्षात ठेवू, पुढे उपयोगी पडेल.

छिद्राची अडचण मात्र तरफेची आहे. लांब दांड्याचे हत्यार बरगड्यांमधल्या छिद्रात टेकलेले. छिद्र हा टेकू. हात उजवीकडे नेला की आतले टोक डावीकडे जाते. हात जरासा थरथरला तर टोक जास्त थरथरते. आतल्या टोकाला मनगट नाही. आणि पडदा सपाट, खोली कळत नाही. वल्ह्याने सुईत दोरा ओवावा तसे हे काम. शिकता येते, अनेकांनी उत्तम शिकले, पण सोपे नाही.

इथे रोबॉट येतो. हा शब्द चेक लेखक कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातला. मूळ अर्थ वेठ, वेठबिगार. आपण त्याला ‘यंत्रमानव’ केले आणि सगळा घोटाळा झाला. शस्त्रक्रियेच्या खोलीत मानवासारखे काहीही नसते आणि यंत्र स्वतःहून काही ठरवतही नाही. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात कारखान्यातला ‘प्यूमा’ हा यांत्रिक हात मेंदूतील गाठीत सुई नेमकी नेण्यासाठी वापरला, ती सुरुवात. नंतर अमेरिकन लष्कराच्या पैशावर कॅलिफोर्नियाच्या एका संशोधन संस्थेत, रणांगणावरच्या जखमीवर लांबून शस्त्रक्रिया करण्याचे यंत्र घडू लागले. युद्धात ते पोचले नाही, बाजारात पोचले. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने त्याला लिओनार्दोच्या नावावरून ‘दा विंची’ म्हटले, आणि २००० मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. २००२ मध्ये इटलीतील पिसाच्या मेल्फी आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसावरच्या शस्त्रक्रियांचे पहिले अनुभव प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्लीत हृदयशस्त्रक्रियेसाठी हे यंत्र आले. आता टाटा रुग्णालयासह मुंबईत ते ठिकठिकाणी आहे आणि फलकांवरून दिसते त्याप्रमाणे ठाण्यातही पोचले आहे. गुरुग्राममध्ये डॉ. सुधीर श्रीवास्तव यांच्या कंपनीने ‘मंत्रा’ नावाचे देशी यंत्रही केले आहे.

यंत्र करते काय? रोग्याजवळ चार हात असलेला खांब. हातांना हत्यारे आणि दोन भिंगांचा कॅमेरा. त्याच खोलीत काही फुटांवर शल्यचिकित्सक एका पेटीत डोळे घालून बसतो. दोन डोळ्यांना दोन भिंगांची वेगळी चित्रे, म्हणून खोली दिसते. बोटांत धरलेल्या कड्या तो जशा हलवतो तशी आतली हत्यारे हलतात. उलटापालट संगणक निस्तरतो, थरथर गाळून टाकतो आणि हाताची पाच सेंटिमीटरची हालचाल आत एक सेंटिमीटरची करतो. हत्याराच्या टोकाला मनगट असते, ते आपल्या मनगटाहूनही जास्त वळते. जखडलेल्या लसिका ग्रंथी सोडवताना, किंवा खंडाऐवजी त्याचा लहान उपखंडच काढताना, हे फार सोयीचे पडते. उपखंड काढणे आता महत्त्वाचे झाले आहे. १९९५ मध्ये एका चाचणीने, खंडापेक्षा कमी काढले तर रोग परततो, असे सांगितले होते. पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११०६ जपानी रुग्णांच्या चाचणीत दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला उपखंड काढणे पुरेसे, किंबहुना बरे, ठरले. इतकी लहान गाठ सापडली तर.

हा ‘तर’ फार मोठा आहे. त्याकडे येण्याआधी सुरक्षिततेचा प्रश्न पाहू, कारण मुलाने तोच विचारला होता.

वीज गेली तर यंत्रात बॅटरी असते, रुग्णालयाला जनरेटर असतो, आणि शेवटी रोग्याजवळ हात धुऊन उभा असलेला दुसरा शल्यचिकित्सक हत्यारे काढून छाती नेहमीच्या पद्धतीने उघडू शकतो. खरा धोका विजेचा नाही. फुप्फुसाच्या धमनीचा आहे. तिच्यातला दाब कमी, पण भिंत पातळ, आणि हृदयातून निघणारे सगळे रक्त या फुप्फुसीय धमन्यांतून जाते. तिला चीर पडली तर काही सेकंदांत ठरवावे लागते. मुख्य शल्यचिकित्सक तेव्हा रोग्यापासून दूर, निर्जंतुक पोशाखाशिवाय बसलेला असतो. शिवाय जुन्या यंत्रांत हाताला स्पर्श कळत नाही, किती जोराने ओढतो आहोत ते डोळ्यांनीच ताडायचे. (२०२४ मध्ये परवानगी मिळालेल्या नव्या यंत्रात जोराची जाणीव देण्याची सोय केली आहे.) म्हणून जिथे या शस्त्रक्रिया नेमाने होतात, तिथे रक्तस्राव झाल्यास कोण काय करील याची तालीम केलेली असते. आमच्या मते रोग्याच्या नातेवाइकांनी यंत्र कोणते हे विचारण्यापेक्षा, यांनी फुप्फुसाच्या अशा किती शस्त्रक्रिया केल्या आणि किती वेळा छाती उघडावी लागली, हे विचारावे.

आणि फायदा? शांघायच्या रुइजिन रुग्णालयात ३२० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाचा खंड रोबॉटने काढला, दुसऱ्याचा साध्या व्हिडिओ पद्धतीने. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. गुंतागुंत दोन्हींत सारखीच. रोबॉटने लसिका ग्रंथी थोड्या अधिक निघाल्या. खर्च मात्र रोबॉटचा बराच जास्त. याचा अर्थ रोबॉट सुरक्षित आहे, हे म्हणता येते. मोठ्या छेदापेक्षा तो निश्चित बरा. पण साध्या छिद्र-शस्त्रक्रियेत तरबेज असलेल्या हातांपेक्षा रोगी जास्त जगतो, असे कोणी सिद्ध केलेले नाही. फलकावरचा फायदा बहुतांशी छिद्राचा आहे, श्रेय यंत्र घेते.

‘नवे ते बरे’ असे मानण्यातला धोका दुसऱ्या एका कर्करोगात दिसून आला आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात छिद्रांतून केलेल्या शस्त्रक्रियांनंतर स्त्रिया मोठ्या छेदाच्या मानाने जास्त दगावतात, हे २०१८ च्या चाचणीत निघाले. सर्वांना उलट अपेक्षा होती. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कर्करोगात रोबॉट वापरताना सावध राहण्याची सूचना काढली. फुप्फुसाच्या बाबतीत असे काही आढळलेले नाही. पण आढळले नाही हे शोधल्यावरच कळते.

आता तो ‘तर’. वर सांगितलेले सगळे, ग्रॅहॅमच्या सुरीपासून दा विंचीच्या मनगटापर्यंत, गाठ फुप्फुसात मर्यादित असलेल्या रुग्णांसाठी आहे. आपल्याकडे बहुसंख्य रुग्ण निदान होते तेव्हा त्या टप्प्याच्या पुढे गेलेले असतात. फुप्फुसाला आतून वेदना कळत नाही, हे एक कारण. दुसरे कारण आपल्या घरचे आहे. खोकला, ताप, वजन घटणे, थुंकीत रक्त, क्ष-किरण फोटोत डाग, ही चिन्हे क्षयाची आणि कर्करोगाचीही. जिथे क्षय इतका, तिथे डाग म्हणजे क्षयच, असे धरून चालण्याची सवय पडते.

आमच्या एका सहकारी बाईंचे यजमान औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून निवृत्त झाले. विडी-सिगरेटला कधी शिवले नाहीत. खोकला जाईना म्हणून फोटो काढला, डाग दिसला. थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या महिन्यात थोडे बरे वाटले, मग नाही. आठव्या महिन्यात बाई त्यांना घेऊन परळला गेल्या. सुईने तुकडा काढून तपासला. कर्करोग होता आणि पाठीच्या मणक्यात पोचला होता. शस्त्रक्रियेचा प्रश्नच उरला नव्हता. पेशींतला एक जनुकीय बदल तपासणीत सापडल्याने रोज एक गोळी घेऊन ते दोन वर्षांवर जगले, बरेचसे चालते-फिरते. बाईंनी नंतर पहिला फोटो आम्हाला दाखवला. आम्हाला त्यातले काय कळणार? पण डाग लहान होता, एवढे दिसत होते.

‘यांनी तर कधी ओढली नाही’ असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाचे जवळजवळ निम्मे रुग्ण धूम्रपान न करणारे होते. कारणे अनेक असावीत. बाहेरच्या हवेचे प्रदूषण माणसात कर्करोग घडवते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये जाहीर केले, आणि डोंबिवली २००९ मध्येच केंद्रीय मंडळाच्या अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत होती. या दोन वाक्यांवरून एखाद्या विशिष्ट माणसाच्या गाठीचे कारण सांगता येत नाही. तसे सांगणारे बरेच भेटतात. पण लोकसंख्येवरील परिणाम मोजायचा तर आधी नोंद हवी, आणि नोंद मुलुंडला थांबली होती, हे वर आलेच आहे.

मग सर्वांचे सीटी स्कॅन का करू नयेत? अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक जास्त धूम्रपान करणाऱ्या लोकांवर हे करून पाहिले. २०११ मध्ये निष्कर्ष आला : साध्या क्ष-किरण तपासणीच्या मानाने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी. आपल्याकडे मात्र जुन्या क्षयाचे वण असंख्य छात्यांत आहेत. प्रत्येक वणाच्या मागे सुई घेऊन धावायचे तर त्यातूनच इजा होईल. त्यापेक्षा, थुंकीत जंतू नाहीत आणि गोळ्यांनी डाग हलत नाही अशा रोग्याला लवकर पुढे पाठवणे आपल्या आवाक्यातले आहे. त्याला रोबॉट लागत नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही बाटली घेऊन वर्गात गेलो. भोक पाडले, फुगा बसला. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिला बोलावून नळीतून फुंकायला लावले. फुगा फुगला. मग आनंदीबाई, झाउएरब्रुखची खोली, कॉटखालची बाटली, सगळे सांगितले. मागच्या बाकावरच्या मुलाला बॅटरीचे उत्तर पसंत पडले. चार हात एकाच वेळी एक माणूस कसा चालवतो, हे त्याला पुन्हा समजावून हवे होते. (एका वेळी दोनच हलतात, पायाखालच्या खटक्याने हात बदलता येतो.) तास संपल्यावर मुले गेली. ती मुलगी मात्र टेबलाजवळ उभी राहिली. ‘सर, माझ्या बाबांचा खोकला दोन महिने आहे. थुंकी कुठे तपासतात?’ महापालिकेच्या दवाखान्यात तपासतात, पैसे पडत नाहीत, सकाळची पहिली थुंकी न्यायची, असे आम्ही तिला सांगितले आणि चिठ्ठीवर लिहूनही दिले.